गुरुजींच्या हातातले पाचशे रुपये

शाळेचा इतिहास सांगताना आपण बहुधा तीन गोष्टी सांगतो. शाळा कोणी काढली, इमारत कधी झाली आणि तिथून शिकून मोठे कोण झाले. वर्गात भिंतीवर काय लावलेले होते, मुले मोजायला मणी वापरत की चिंचोके, आणि ते आणायला पैसे कोणी दिले, याची नोंद क्वचितच सापडते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरता हा प्रश्न मी काही वर्षे मनात धरून आहे. शिक्षकाला त्याच्या वर्गासाठी मिळालेल्या छोट्या रकमांचा हा इतिहास आहे. आकडे किरकोळ आहेत. पण वर्ग कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाला कधी मिळाला आणि कधी गेला, हे त्यांतून कळते. उर्दू शाळांच्या आणि मुस्लिम वस्तीतल्या मराठी शाळांच्या दृष्टीने हा अधिकार फार मोलाचा आहे.

ओसरी, देऊळ आणि मशिदीचा ओटा

सरकारी शाळा येण्याआधी खान्देशात मुले शिकत होती. पंतोजींची शाळा कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात भरे, मकतब मशिदीच्या ओट्यावर. धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, पाढे एका सुरात म्हणायचे. पंतोजींना पालक धान्य देत, सणासुदीला काही पैसे देत. मशिदीत शिकवणाऱ्याची सोय जमात करी.

१६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचे राज्य संपले आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला. मोगल अमलात आलिम, मौलवी, दर्ग्याचे सेवक अशांना ‘मदद-ए-मआश’ म्हणून जमीन तोडून दिली जाई. या शब्दांचा अर्थच ‘उपजीविकेला मदत’ असा आहे. त्या जमिनीच्या उत्पन्नावर घर चालवून मुलांना शिकवणारी माणसे यांत असत. वर्गात काय शिकवायचे, कसे शिकवायचे, हे देणारा विचारत नसे. यामुळे शिक्षण सर्वांपर्यंत पोचले असे मुळीच नाही. मुलींना, कष्टकऱ्यांना, खालच्या मानलेल्या जातींना त्यात जागा फार थोडी होती. पण शिक्षकाच्या पोटाची काळजी आधी आणि हिशेब नंतर, हा त्या व्यवस्थेचा क्रम होता.

इंग्रजी अमलात तो क्रम उलटला. दख्खन आणि खान्देशातल्या इनामांची चौकशी करण्यासाठी १८५२ मध्ये कायदा झाला आणि इनाम कमिशनने घराघरातल्या सनदा मागितल्या. पुरावा नसेल त्याची जमीन खालसा होऊ लागली. दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले.

निकाल दाखवा, पैसे घ्या

या नव्या अनुदानाला अट होती. मुंबई इलाख्यात ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत रूढ झाली. तपासनीस शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि कोणत्या विषयात किती मुले उत्तीर्ण झाली यावर रक्कम ठरे. कागदावर हे न्यायाचे वाटते. प्रत्यक्षात गरीब वस्तीतल्या शाळेला त्याचा फटका बसे. तिथली मुले पेरणी-कापणीला गैरहजर राहत, परीक्षेच्या दिवशी कमी दिसत, म्हणून पैसा कमी मिळे. पैसा कमी म्हणून नकाशा नाही, पुस्तक नाही, आणि पुढच्या वर्षी निकाल आणखी खाली. मकतबांची अडचण वेगळी होती. तिथे गणित, भूगोल असे लौकिक विषय नसल्यामुळे बहुतेक मकतबे या हिशेबात येतच नव्हती.

१८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाचा पगार किमान बारा रुपये असावा, अशी मागणी होती. मास्तर अर्धपोटी असेल तर शाळा चालणार नाही, हे त्यांना दिसत होते. याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. मुस्लिम शिक्षणाला दिलेले खास उत्तेजन हा स्थानिक, नगरपालिका आणि प्रांतिक निधीवरचा रास्त खर्च मानावा, असे आयोगाने म्हटले. मकतबांनी लौकिक विषय सुरू करावेत म्हणून त्यांना सढळ हाताने मदत द्यावी, असेही सांगितले.

‘स्थानिक निधी’ म्हणजे काय, हे इथे लक्षात घ्यायला हवे. १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी घेतली जाई आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. सरकारी शाळेतला फळा हा कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या, तडव्याच्या, पिंजाऱ्याच्या पट्टीतून आलेला होता. सरकारने तो भेट दिलेला नव्हता. आज अनुदानाला कुणी ‘खैरात’ म्हणतो तेव्हा मला हा एक आणा आठवतो.

सादिल

१९०६ मध्ये खान्देशचे दोन तुकडे झाले. पूर्व खान्देशचे ठाणे जळगाव, पश्चिम खान्देशचे धुळे. पुढे प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या ताब्यात गेल्या आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे आल्या. या सगळ्या काळात शिक्षकाच्या हातात येणाऱ्या पैशाचे एकच नाव होते, ‘सादिल’. हा शब्द फारसीतून मराठी दप्तरात आला आणि टिकला. किरकोळ खर्चाची रक्कम, असा त्याचा अर्थ. खडू, शाई, हजेरीपट, केरसुणी आणि पाण्याचा माठ, इतक्यातच ती संपे. शाळा बंद पडू नये एवढाच सादिलचा उद्देश होता. वर्गात काही नवे करण्यासाठी ती रक्कम नव्हतीच.

मग ज्यांना नवे करायचे होते, ते काय करत? स्वतःच्या खिशात हात घालत. खान्देशातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण अमळनेरचे आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. त्याला कागद, शाई आणि स्वतःची झोप एवढाच खर्च होता. पण त्या कागदाने वसतिगृहाची भिंत हीच वाचनाची जागा झाली. याच गुरुजींनी पुढे ‘इस्लामी संस्कृती’ हे पैगंबरांचे चरित्र सांगणारे पुस्तक मराठीत लिहिले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

साने गुरुजींचे कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. शिक्षकाच्या त्यागावर चालणारा वर्ग तो शिक्षक गेला की बंद पडतो. खिशातून खर्च करणारा मास्तर ही गावासाठी अभिमानाची गोष्ट असेल, पण व्यवस्थेचा विचार केला तर ते तिचे अपयश आहे.

कुलूपबंद पेट्या

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे, असा तिचा हेतू होता. नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी खेड्यापाड्यांत पोचल्या. ही मोठी गोष्ट होती.

पण खरेदी वर झालेली होती आणि वस्तूची नोंद जडवस्तू संग्रह रजिस्टरात होई. पृथ्वीगोल फुटला तर जबाबदारी मुख्याध्यापकाची. त्यामुळे अनेक शाळांत पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला राहिली. मी स्वतः जळगाव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकलो. तिथला पृथ्वीगोल आम्ही वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी पाहत असू. त्यात आमच्या गुरुजींचा दोष नव्हता. जी वस्तू आपण निवडलेली नाही आणि जी मोडण्याची मुभा नाही, ती कोण वापरणार?

धुळ्याला आधी, जळगावला नंतर

१९९० च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, सुरू झाला. जिथे स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते जिल्हे त्यात घेतले जात. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले पाच जिल्हे आले. दुसऱ्या टप्प्यात बीड, जालना आणि गडचिरोलीबरोबर धुळे आले. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात आजचा नंदुरबारही होता, तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. शेजारचे जळगाव या यादीत नव्हते.

या कार्यक्रमात इमारती आणि प्रशिक्षणे होतीच, पण मला त्यातली सर्वांत लहान तरतूद महत्त्वाची वाटते. शाळेला वर्षाला २००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये. हे पाचशे रुपये शिक्षकाने आपल्या वर्गासाठी शैक्षणिक साहित्य करायला वापरायचे होते. काय करायचे, ते त्याने ठरवायचे. लोकल बोर्ड आणि जिल्हा परिषदेच्या इतक्या वर्षांत वर्गशिक्षकाच्या निवडीवर एवढा भरवसा टाकल्याचे मला दुसरे उदाहरण दिसत नाही.

२००० नंतर सर्व शिक्षा अभियान आले आणि हाच नियम जळगावसह सगळ्या जिल्ह्यांना लागू झाला. अनुदानित शाळांतल्या शिक्षकांनाही त्याचा लाभ मिळाला, त्यामुळे संस्थांच्या उर्दू शाळाही त्यात आल्या.

पाचशे रुपयांत काय होते? कार्डशीट, स्केचपेन, दोरा, मणी, गोंद, थोडा ऑइलपेंट. पट चाळीसचा धरला तर एका मुलामागे वर्षाला साडेबारा रुपये. तरीही त्यातून वर्गात कोपरे तयार झाले. दोरीवर लटकवलेली चित्रकार्डे, खोक्यांचे दुकान, दारावर काटकोन आणि खिडकीच्या गजांवर अंक. दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी इमारतीलाच शिकवण्याचे साधन करण्याची जी कल्पना मांडली, ती सर्व शिक्षा अभियानातून शाळांपर्यंत आली आणि मराठीत ‘बोलक्या भिंती’ या नावाने रुजली.

उर्दूचा तक्ता कोण छापणार?

आपल्या दृष्टीने खरा मुद्दा इथे येतो. मुंबई-पुण्यात एकगठ्ठा छापून आलेले तक्ते मराठीत असतात. बालभारती उर्दू पाठ्यपुस्तके छापते, पण भिंतीवरचे साहित्य, शब्दकार्डे, गोष्टींची चित्रे उर्दूत मिळणे नेहमीच अवघड राहिले. अशा वेळी शिक्षकाच्या हातातले पाचशे रुपये मराठी शाळेत जेवढे उपयोगी पडतात, त्याहून जास्त उर्दू शाळेत पडतात. जळगाव शहरातल्या एका उर्दू शाळेत एका आपांनी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून अलिफपासून येपर्यंतची कार्डे केलेली मी पाहिली आहेत. एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला तोच शब्द मराठीत. चौथीत गेल्यावर मुले मराठीला घाबरत नाहीत, असे त्या सांगत. हे साहित्य कोणत्याही निविदेतून आले नसते, कारण निविदा काढणाऱ्याला त्याची गरजच माहीत नसते.

यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी मुलांची गोष्ट आणखी वेगळी. ती मुसलमान आहेत, आदिवासी आहेत, घरी त्यांची स्वतःची बोली आहे आणि शाळा बहुधा मराठी आहे. त्यांच्यासाठी ना उर्दूचा तक्ता उपयोगाचा, ना पुण्याच्या मराठीतला. घरच्या शब्दापासून पुस्तकातल्या शब्दापर्यंतची पायरी त्या गावातला शिक्षकच बांधू शकतो. बशीर आणि बाळू एकाच बाकावर असलेल्या वर्गाला काय हवे, हे त्या वर्गासमोर उभ्या असणाऱ्यालाच कळते.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त चार टक्क्यांच्या आसपास मुले मदरशांत शिकतात. मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची चर्चा मात्र आपल्याकडे मदरशांपाशीच अडकते. बाकीची शाळेत जाणारी मुले ज्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांत बसतात, त्यांच्या भिंतींकडे ना सरकार नीट पाहते, ना आपण.

पाचशेचे काय झाले

या योजनेचे गुणगान करून थांबणे प्रामाणिक होणार नाही. पैसे वेळेवर येत नसत. जूनमध्ये शाळा उघडते आणि रक्कम बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये पोचे. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. घाईत काय होते, ते सांगायला नको. काही ठिकाणी बाजारातले तयार तक्ते उचलून पावत्या जोडल्या गेल्या. शिवाय रक्कम वर्षानुवर्षे पाचशेच राहिली. डीपीईपीच्या काळात जेवढी कार्डशीट येत, तेवढी पंधरा वर्षांनी येणे शक्यच नव्हते.

२०१५ नंतर दिशा बदलली. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधले ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने त्याला जोर मिळाला. खान्देशातही फरशीवर आखणी झाली, मुलांच्या उंचीवर तळफळे आले. हे फार चांगले झाले. पण त्याचा खर्च बहुतेक ठिकाणी शिक्षकांनी आणि गावाने मिळून केला. शब्द आला ‘लोकसहभाग’.

धुळ्यात या लोकसहभागाने मोठे काम केले. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात नोकरी केलेले हर्षल विभांडिक यांनी गावोगावी प्रेरणा सभा घेतल्या. गावाने वर्गणी काढायची आणि त्यात ते आपली भर घालत. अशा रीतीने जिल्ह्यातल्या जवळपास सगळ्या जिल्हा परिषद शाळांत डिजिटल वर्ग उभे राहिले. सरकारची वाट न पाहता एका जिल्ह्याने हे केले, याचा मला खान्देशी म्हणून अभिमान आहे.

तरीही इतिहास लिहिणाऱ्याने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, वर्गणी गावाच्या ऐपतीवर ठरते. बागायती गाव एका सभेत लाख उभे करील, ऊसतोडीला जाणारी वस्ती करू शकणार नाही. दुसरी, पडदा आणि प्रोजेक्टर एकदा घेऊन भागत नाही. वीजबिल थकल्याने राज्यात अनेक शाळांची वीज तोडली गेली आणि डिजिटल वर्ग अंधारात राहिले. कार्डशीटला वीज लागत नाही.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा आली. आधीची वेगवेगळी अनुदाने एकत्र होऊन शाळेला एकच संयुक्त अनुदान मिळू लागले. ते पटावर ठरते आणि त्यातून स्वच्छता, दुरुस्ती, वीजबिल, स्टेशनरी सगळे भागवायचे असते. यात शिक्षकाचे स्वतंत्र पाचशे विरून गेले. पट घटला की अनुदानही घटते. २०१७ च्या अखेरीस राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा घटता पट कुठे नेऊन सोडतो हे सर्वांना दिसले. पालक इंग्रजी शाळेच्या रंगीत वर्गाकडे पाहतात, इकडे भिंत कोरी असते, आणि मूल निघून जाते. निकालावर अनुदानाच्या काळातले तेच चक्र आज पटाच्या नावाने फिरते आहे.

आपल्या हातात काय आहे

अल्पसंख्याक विभागाच्या योजना आहेत. ज्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांत अल्पसंख्याक विद्यार्थी ७० टक्क्यांहून अधिक, त्यांना पायाभूत सोयींसाठी दोन लाखांपर्यंत अनुदान मिळत आले आणि अलीकडे ही मर्यादा वाढवण्यात आली. त्यासाठी संस्थाचालकांनी अर्ज वेळेत करायलाच हवेत. पण ती रक्कम संस्थेकडे येते, खोली आणि संगणकासाठी. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतल्या दुसरीच्या आपांपर्यंत ती पोचत नाही.

तिथपर्यंत पोचणारी मदत मोहल्ल्यातून उभी राहू शकते. आपल्याकडे मशिदीच्या रंगासाठी, जलशाच्या मंडपासाठी वर्गणी निघते आणि ती एका संध्याकाळी जमते. मी त्याविरुद्ध नाही. त्याच वर्गणीतून मोहल्ल्यातल्या शाळेच्या प्रत्येक वर्गशिक्षकाला वर्षाला दोन-तीन हजार रुपये देता येतील. सहा शिक्षकांची शाळा असेल तर बारा ते अठरा हजार. मंडपाचा खर्च बहुतेक ठिकाणी याहून जास्त असतो.

देताना मागच्या दीडशे वर्षांकडून शिकावे. पैसे जूनमध्ये द्यावेत, मार्चमध्ये नाही. निकालाची किंवा पटाची अट घालू नये. काय घ्यायचे ते शिक्षकाने ठरवावे, देणाऱ्याने यादी देऊ नये. वस्तू वापरून मोडली तर ती कामी आली असे समजावे. हिशेब एका पानाचा असावा आणि तो शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखवावा, म्हणजे पैसा कुठे गेला हे आईबापांनाही कळेल. शाळा मराठी असो की उर्दू, मोहल्ल्यातली मुले तिथे बसतात एवढे पुरे.

सरकारकडे मागणीही सोडू नये. संयुक्त अनुदानात वर्गशिक्षकाचा वेगळा हिस्सा पुन्हा ठेवावा आणि तो महागाईप्रमाणे वाढावा, ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी. एक आणा पट्टी भरणाऱ्या शेतकऱ्याचा तो हक्क होता, आजच्या करदात्याचाही आहे. जूनला अजून अवधी असेल तर मोहल्ल्यातल्या शाळेत एकदा जाऊन यावे आणि पहिलीच्या शिक्षकांना विचारावे, या वर्षी वर्गासाठी तुम्हाला काय करायचे आहे. हा प्रश्न त्यांना फार दिवसांत कुणी विचारलेला नसेल.